नागीण घरात कुणी आणली

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, बोल छोटे. मी वहिनी. बाबांचा फोन माझ्याकडेच आहे… नाही, देत नाही. आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा. रात्रभर तळमळत होते, आणि कूस बदलायची तर एकच बाजू उरलीये…

काय?… परत बोल.

मी आणली?

थांब, थांब. परत एकदा म्हण बघू. तुझ्या वडलांना नागीण झाली, ती मी आणली?… पाळणाघरातून?… अगं, भाजी आहे का ती, पिशवीत घालून आणायला?

हो… हो, हो… अगं ऐक ना… ऐकून तरी घेशील? कुणी सांगितलं तुला हे? समोरच्या मावशींनी ना? वाटलंच. परवा दारात उभं राहून 'अगंबाई, अगंबाई' करून गेल्या, तेव्हाच म्हटलं, झालं, आता दवंडी पिटणार. आणि तू लगेच धरलंस. घरात लोकांची पोरं सांभाळते ना मी, मग काय! दादाला सर्दी झाली, पाळणाघर. बाबांना खोकला झाला, पाळणाघर. उद्या नळाला पाणी आलं नाही तरी पाळणाघरच!

नाही, मी ओरडत नाहीये. हा माझा साधा आवाज आहे.

हे बघ, नागीण कुणी आणत नाही. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलंय. बाबांना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या… हो, कांजिण्या. तोच व्हायरस. फोड वाळतात, खपल्या पडतात, पोरगं शाळेत जायला लागतं, आपल्याला वाटतं गेलं दुखणं. जात नाही तो! नसांच्या मुळाशी दडी मारून बसतो. वर्षानुवर्षं. वय झालं, अंगातला जोर कमी झाला, की उठतो आणि त्याच नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. कळलं? तुझ्या बाबांनी तो स्वतःच आणलाय, अर्ध्या चड्डीत असताना! मी तेव्हा जन्मालासुद्धा आले नव्हते. सगळं सुनेच्या माथी मारायचंय ना, मारा. निदान मी जन्मल्यानंतरचं तरी मारा!

…मग पाळणाघर बंद का ठेवलं? अगं, पोरांसाठी! पोरांकडून बाबांना नाही, बाबांकडून पोरांना होऊ नये म्हणून… आणि सगळ्यांचे फोन घेऊन घेऊन कान किटलेत माझे. 'अचानक कसं बंद करता हो?' एरवी हेच लोक पोराला सकाळी तापाचं औषध पाजतात, अंग गार झालं की माझ्या सतरंजीवर आणून सोडतात, आणि दुपारी पोर फणफणलं की 'अय्या, सकाळी तर खेळत होता!' डोकं फिरतं माझं. आणि त्यात तुझा फोन.

काय?… कुठल्या गोळ्या?… तुझ्या दाताच्या वेळच्या उरलेल्या? नको… नाही म्हणते ना! 'जोरदार' असेल ती, तिच्या जागी. ती बॅक्टेरियाची. हा व्हायरस आहे. त्याला त्या गोळीनं काही होत नाही, बाबांचं पोट तेवढं बिघडेल. आणि उरल्या कशा गं गोळ्या? अर्ध्यावर सोडल्यास ना? छान.

मिळाल्यात. व्हायरसच्या वेगळ्या गोळ्या असतात, त्या दिल्यात. वेळेत सुरू झाल्या, कारण पहिला फोड दिसला त्याच दिवशी मी त्यांना ओढत नेलं. तुझा दादा म्हणत होता, ढेकूण चावला असेल. ढेकूण! माझ्या घरात!

…विळखा? कसला विळखा?… तोंड आणि शेपूट एक झालं की माणूस… छोटे! हे बाबांच्या कानावर घातलंस तू?… मावशींनी? असं होय. म्हणून काल आरसा मागत होते! मला म्हणाले, दाढी करायचीय. नंतर बघते तर काय, पाठमोरे उभे राहून मान वळवून वळवून बघतायत कुठवर आलीये ती. म्हातारा माणूस, दुखण्यानं आधीच अर्धमेला, त्याला कशाला असलं सांगायचं? येऊ देत आता मावशी साखर मागायला!

अगं, एका नसेचा पट्टा असतो तो. एकाच बाजूला येते. पाठीच्या मध्यापासून पोटाच्या मध्यापर्यंत, बहुतेकदा तिथंच थांबते. आणि पसरलीच, तर डॉक्टरांकडे पळायचं. शेपूट कुठं आणि तोंड कुठं, हे शोधत बसायचं नाही.

थांब. हॉर्न कुठला हा?… तू रस्त्यावर आहेस?

टॅक्सीत?… कुठं निघालीस?

इकडे?… बाबांना न्यायला? अगं, कुठं नेतेस? त्यांना अंगावर शर्ट सहन होत नाही, चादर टेकली तरी कळवळतात, त्यांना टॅक्सीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला… 'तुमच्याकडे हाल होतायत'? हाल? मी पट्ट्या बदलते, मी चादरी उकळते, मी तीन-तीनदा हात… बरं, जाऊ दे. जाऊ दे म्हटलं ना. बाळ कुणाकडे ठेवलंयस?

छोटे, बाळ कुणाकडे आहे?

…मांडीवर.

मागं फिर. ड्रायव्हरला सांग, आत्ताच्या आत्ता वळव म्हणावं… नाही, काही झालेलं नाही बाबांना, तू मागं फिर… मी तोडतेय? बापलेकीला मी तोडतेय? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लहान असताना तुझ्या वेण्या मी घातल्यात, आणि आज मला…

नाही, असं नाही म्हटलं मी! पसरत नाही असं मी कधी म्हटलं? मी म्हटलं, नागीण कुणी आणत नाही. नागिणीपासून नागीण होत नाही, बरोबर. पण फोडांत जे पाणी असतं त्यात तो व्हायरस जिवंत असतो. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला ते लागलं, तर त्याला कांजिण्या होतात. मोठ्या माणसाला त्या जड जातात. आणि एवढ्याशा जिवाला… अगं, महिन्याची नाही झाली अजून ती. मानसुद्धा धरत नाही. तिच्या छातीत गेलं, डोक्यात गेलं तर काय करशील तू? मी काय करू? फोड वाळून खपल्या धरेपर्यंत तिला इथं आणायचं नाही. विषय संपला.

झाकलेत. हो, पट्टी आहे. झाकल्यावर धोका कमी, हे डॉक्टरच म्हणाले. पण बाबा ऐकतात का कुणाचं? माझी पाठ वळली की पट्टीत बोट घालून खाजवतात. त्याच बोटानं तुझ्या पोरीचे गाल कुस्करतील. तुला काय माहीत नाहीत का तुझे वडील?

…तुला होऊन गेल्यात? कांजिण्या? नक्की?

तसं असेल तर जरा तरी बरं. आईला होऊन गेल्या असल्या तर बाळाला पोटातूनच थोडं संरक्षण मिळालेलं असतं. तरी आणायचं नाहीच, पण निदान माझ्या जिवात जीव येईल. काय आठवतंय तुला, सांग… हं… अंगभर लाल… ताप… आई कपाळावर ओल्या घड्या ठेवायची, बरं…

अंधारात? कसला अंधार?

खिडकीला चादर बांधली होती? का गं?… उजेड सहन व्हायचा नाही. डोळे लाल, पाणी यायचं… आणि खोकला? खूप?… छोटे, नीट आठव. फोड होते का? पाण्यानं भरलेले, टचटचीत?… नुसतं लाल? चेहऱ्यावर आधी, मग खाली उतरलं?… खाज? खपल्या?… नाही?

अगं, तो गोवर! गोवर झाला होता तुला! कांजिण्या नव्हेत!

वेगळं असतं ते, अगदी वेगळं! अंगावर आलं म्हणून सगळं सारखं नसतं. माझ्याकडे दोन्हीची पोरं येऊन गेलीत, मला नको सांगूस. आणि एक झाला म्हणून दुसरा सोडत नाही… आई म्हणायच्या? आई गेल्या बिचाऱ्या, त्यांना आता कुठं विचारू? तूच ऐकण्यात चूक केली असशील.

अहो बाबा! तुम्ही कशाला उठलात? पडा ना… काही नाही, छोटीचा फोन आहे… आवाज चढलाय कारण माझा आवाजच तसला आहे… काय म्हणता?… थांब गं छोटे, बाबा सांगतायत काहीतरी… कांजिण्या दादाला. हं. दादाला झाल्या तेव्हा हिला आत्याकडे पाठवलं होतं… फोड पूर्ण वाळल्यावरच परत आणलं… आणि येताना डोकंभर उवा घेऊन आली, म्हणतायत.

हसू नकोस! हसण्यासारखं काय आहे यात? तुला झालेल्याच नाहीत कांजिण्या. तुझ्या बापानंच सांगितलं, आता तरी पटलं? लस घेतलीयस त्याची?… आठवत नाही. म्हणजे तुला नाही, आणि तुझ्याकडून तिला काही मिळालेलंही नाही. दोघीही उघड्या. आणि दोघी निघालात इकडे!

…बाबा विचारतायत, बाळ आहे का बरोबर. काय सांगू? तूच सांग मला काय सांगू!… बघ, कळलंच त्यांना. चेहरा बघायला हवा होतास तू… बाबा, शर्ट राहू दे. दुखेल… अहो, राहू दे म्हणते ना! ऐकत नाहीत. एवढे दिवस उघडे बसलेत, आणि आता नात आली म्हणून इस्त्रीचा शर्ट घालतायत. दात आवळून घालतायत. तुझ्यामुळे!

पोचलीस?… उतरू नकोस. छोटे, टॅक्सीतच बस, मी गॅलरीत येते… उतरलीस. अगं, किती हट्टी… लिफ्टमध्ये शिरू नकोस… हॅलो?… हॅलो? ऐकू येतंय का?… हॅलो?

…ऐकू येतंय. फोनवरही आणि दाराबाहेरूनही. बेलवरचं बोट काढ. बाळ दचकतंय.

नाही उघडणार.

हो. तुझ्याच बापाचं घर आहे. हो, तुझं माहेर. हो, मी बाहेरून आलेली. सगळं खरं. आणि मी दार उघडणार नाही… ओरड. हाका मार तुझ्या दादाला, तो कामावर आहे… शेजारची दारं उघडली? उघडू देत. सांग सगळ्यांना, ओल्या बाळंतिणीला वहिनीनं उंबऱ्यातून परत लावलं. मावशींना आधी सांग, म्हणजे बाकीच्यांना सांगायचा त्रास वाचेल. जन्मभर माझ्या नावानं बोटं मोड. तुझी पोरगी मोठी झाली की तिलाही सांग, तुझी मामी अशी होती म्हणून. पण आधी तिला मोठी होऊ दे!

…

बाबा, मागं व्हा. कडीला हात नका लावू… बाबा, पाया पडते तुमच्या. तुम्ही उघडलंत तर मी काय करणार?… काय?… चष्मा? चष्मा कशाला?

हं. थांबा, आणते… हा घ्या. पट्टीला हात नका लावू.

छोटे. ऐक. दाराजवळून मागं सर. आणखी मागं, जिन्याच्या कठड्यापर्यंत… आता तिला वर धर. दारात ती बारकी काच आहे ना, तिच्यासमोर. बाबा बघतायत… टोपडं जरा मागं घे. कपाळ दिसू दे… हो, दिसतेय त्यांना. नुसते दाराला टेकून उभेत. त्या बाजूला लागतंय, तरी टेकलेत.

रडू नकोस… मी कुठं रडतेय? मी चिडलेय! अजून चिडलेलीच आहे, आणि तू मला जे बोललीस ते मी विसरणारही नाही, सांगून ठेवते. टॅक्सी थांबवलीयस ना?… मग घरी जा. तुझ्या डॉक्टरला फोन कर आणि सगळं सांग. रक्ताची तपासणी असते म्हणे, ती करून घे. लस घ्यायची का, तेही विचार. फोड वाळले की मीच फोन करीन. तेव्हा ये आणि चार दिवस राहा.

हं… नको, एवढ्यात नको जाऊस. बाबा काचेवरून सरकत नाहीयेत. हात दुखला असेल तर बदल, पण खाली घेऊ नकोस तिला. धर अजून थोडा वेळ. मी ठेवते फोन.