बेबाबाईची वेणी

जळगावहून निघालेल्या यावलच्या एस.टी.त लताबाई नवऱ्याशेजारी बसली होती. बोटांचा हा सांधेवात जन्मभर राहील, असं डॉक्टरांनी तिला सकाळीच सांगितलं होतं. पुढच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"बेबाबाई, बोटं कशी हायेत व आता?"

"वाकडी ती वाकडीच. सात वर्सं झाली."

"मंग वेणी कोन घालते?"

"आमचे हे."

"काय सांगते!"

"पयलं वरीस मी कोनालेच हात लावू दिला नाही. केस कापायले निघाली होती, पन कोनाले वेणी घाल म्हनलं नाही."

"मंग?"

"मंग एक दिवस म्हनलं, घाला. त्यायनं दार लावून घेतलं. गुंता सोडवता सोडवता तेच रडले."

"अन् आता?"

"आता दाराबाहेर वट्ट्यावर बसून घालतात. भांग वाकडा निघते. मी काही म्हनत नाही."

लताबाई नवऱ्याकडे वळली. मग हळूच नवऱ्याला म्हणाली,

"अहो, पोलक्याची बटनं मले महिन्यापासून लागत नाहीत. शेजारच्या कुंदाबाईकडून लावून घेते."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"आता सांगितलं ना."