साहेबांच्या ग्रँटसाठी भुईगावची रोझरी

...नाही, मला सांगा, पीएचडी झालेल्या माणसाला घरच्या फोनवर दहा मिनिटं शांतपणे बोलता येऊ नये? तुम्हाला सांगतो, मॉलेक्युलर बायॉलॉजीत डॉक्टर होऊन वर्ष झालं, फेलोशिप संपली, गाईडने लॅबची किल्ली परत मागितली, धाकटी बहीण मेलिसा बँकेत चिकटलीसुद्धा, आणि उर्सुला मावशी कुंपणापलीकडून रोज विचारणार, "जोएल, अजून शिकतोसच का रे?"

आता तिला पीएचडीनंतरचं हे पोस्टडॉक काय सांगू? नोकरी म्हणावी तर दोन-तीन वर्षांत संपते, शिक्षण म्हणावं तर परीक्षा नाही... आणि मिळवायचं कसं, तर पापडीच्या सायबर कॅफेत बसून जगभरच्या प्रोफेसरांना ईमेल धाडायचे. उत्तरं सगळी एका साच्यातली, तुमचं काम उत्तम आहे, आमच्याकडे पैसे नाहीत. अहो, काम उत्तम आहे हे आमच्या आईलाही माहीत आहे!

शेवटी ऑक्टोबरात अमेरिकेतल्या एका वॉल्टरसाहेबांनी कळवलं, मंगळवारी तुमच्या संध्याकाळी सातला फोन करतो, मुलाखत घेऊ. मी घरात बजावलं, सातला कोणी शिंकायचंसुद्धा नाही. आता ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे रोझरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना, मरियामातेची मूर्ती रोज एकेका घरी जाते आणि मागोमाग अख्खी आळी प्रार्थनेला. आमची पाळी शुक्रवारी. आईने काय करावं? रोझमेरी काकीशी बदलून मंगळवार घेतला! का, तर "तुझी मुलाखत चालू असताना माऊली घरातच हवी."

फोन हॉलमध्ये, मूर्ती हॉलमध्ये, वायर दीड हात. एका कानात साहेब विचारतायत, तुझं प्रोटीन पेशीत कुठे जाऊन बसतं, दुसऱ्या कानात सगळी आळी नमो मरिया म्हणतेय, आणि उर्सुला मावशी माळ ओढता ओढता शेजारणीच्या कानात, फोनवरसुद्धा शिकतोय बघ...

साहेबांनी विचारलंच, मागे आवाज कसला? खोटं बोलावं तर समोर मूर्ती. सांगून टाकलं, आमची आळी आहे, तुम्ही मला घ्यावं म्हणून प्रार्थना करतेय. म्हटलं, हेही गेलं. मग साहेब हळूच म्हणाले, "मला तू आवडलास. पण माझ्याच ग्रँटचा निकाल यायचाय, ते पैसे आले तरच तुला पगार देता येईल. त्यांना जरा माझंही सांगशील?"

सांगितलं, काय करणार? आईने पुढचे दहा मणी साहेबांच्या ग्रँटला वाहिले. तेव्हापासून माझी चौकशी बंद. जो तो विचारतो, साहेबांचं झालं का? नाही झालं! डिसेंबरात ईमेल आला, ग्रँट नाकारली, फेब्रुवारीत परत अर्ज करतोय, तुमच्या लोकांचे आभार, पुन्हा जमेल का?

आई म्हणाली, "फेब्रुवारीत ईस्टरआधीचा उपवासकाळ लागतो. आम्ही सगळी मटण सोडू. पण ग्रँट त्याची आहे ना? त्यालाही सोडायला सांग."

तुम्हाला सांगतो, हे मी शुद्ध इंग्रजीत टाईप केलं... आणि तासाभरात उत्तर. एवढ्या प्रोफेसरांना लिहिलं, त्यांतून आजवर एकच होकार आला, तो मटण सोडायला. नोकरीचं म्हणे, ईस्टरनंतर बघू.