सूनबाईंची पावले

लक्ष्मणराव : चौदा हजार दोनशे. हा पावले मोजणारा पट्टा घे सूनबाई, आणि तुझ्या कार्यालयाच्या स्पर्धेच्या यादीत आपले नाव आता कोणत्या स्थानी आहे ते पाहून सांग.

चारुलता : बाबा, मी सहा हजार म्हणाले होते. तुम्ही गेला होतात तरी कुठे?

लक्ष्मणराव : विद्यापीठाच्या आवारात दोन फेऱ्या पूर्ण केल्या. परतताना स्मरण झाले की तुझ्या गटातील ती योगिनी काल आपल्यापेक्षा तीनशे पावलांनी पुढे होती. ते मनास सहन होईना, म्हणून तिसरी फेरी घातली.

सुशीलाबाई : कालपासून हेच चाललंय यांचं. जेवताना योगिनी, झोपताना योगिनी. त्या पोरीचं तोंड पण बघितलं नाही अजून. आणि गुडघ्याला तेल कोण चोळतंय? मी.

चारुलता : आई, हसण्यासारखं नाही हे. ऑफिसातून काय आलंय बघा. ‘या आठवड्यात सर्वाधिक चाललेली, चारुलता.’ रविवारी सगळ्यांनी पाच किलोमीटर चालायचं, आणि मी सगळ्यांच्या पुढे, झेंडा घेऊन. घ्यायला कधी येऊ, हे विचारायला योगिनी आत्ता फोन करणार आहे.

सुशीलाबाई : पाच किलोमीटर? डॉक्टरीणबाईंनी न्हाणीघरापर्यंतच उठायला सांगितलंय तुला. पोटातल्या जिवाचा काही विचार?

चारुलता : म्हणून तर पट्टा बाबांना दिला. मी पडून राहिले आणि तीन दिवसांत माझं नाव यादीत सगळ्यांत खाली, लाल अक्षरांत. पाच जणींचा गट आमचा, एकीची पावलं कमी झाली की सगळ्यांची सरासरी घसरते. जिंकणाऱ्या गटाला दोन दिवस जादा सुट्टी आहे. जी ती विचारायला लागली, चारू, बरी आहेस ना? काय सांगणार होते मी?

लक्ष्मणराव : दोष सर्वस्वी माझा आहे. लाल अक्षरांतून वर काढा, इतकेच तू सांगितले होतेस. पहिल्या स्थानी न्या, असे नव्हे. परंतु आपले नाव एकेक पायरी वर सरकताना पाहिले आणि माझा विवेक सुटला.

सुशीलाबाई : एवढं परेशान कशाला व्हायचं? पाय मुरगळला म्हण.

चारुलता : मग ती संध्याकाळी मलम घेऊन दारात उभी राहील. तशीच आहे ती.

लक्ष्मणराव : तर मीच तिच्याशी बोलतो. ती पावले माझी होती, असे स्पष्ट निवेदन करतो.

चारुलता : आणि ती ‘का’ म्हणून विचारेल, तेव्हा?

लक्ष्मणराव : त्याचे उत्तर देणे मला संकोचाचे आहे.

सुशीलाबाई : नक्को, खरं नक्को सांगायला. तीन महिने भरायला अजून तीन आठवडे आहेत. तुझ्या नवऱ्याला, प्रशांतला सुद्धा कुणाला न सांगायची कसम घातलीय मी. मागच्या वेळी दोन महिने पण झाले नव्हते आणि मी गल्लीभर सांगत फिरले. हिमायतनगरच्या सुनंदाला, दूधवाल्याला. माझ्याच तोंडानं गेलं ते.

चारुलता : तुमच्या सांगण्यानं नाही गेलं, आई.

सुशीलाबाई : डॉक्टर म्हणतात तसं.

चारुलता : तुम्ही सांगितलं होतं, म्हणून गल्ली आली. सुनंदामावशींनी आठ दिवस डबा आणला. ऑफिसात मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. नवव्या दिवशी मी कामावर गेले, तेव्हा कुणाच्या तरी मुलीच्या बारशाचे पेढे आले होते. मी दोन खाल्ले. हसून.

लक्ष्मणराव : हे तू आम्हांला कधी कळू दिले नाहीस.

चारुलता : कसं सांगणार, बाबा?

लक्ष्मणराव : फोन वाजतो आहे. तिचाच आहे.

सुशीलाबाई : चारू, उचलू नको. थांब. ही उशी घे पाठीला. हं, आता बोल.

चारुलता : हॅलो, योगिनी. नाही, रविवारी मी येत नाहीये. ऐक आधी. ती पावलं माझी नव्हती, माझ्या सासऱ्यांची होती. हो, आजची चौदा हजार पण. मला चालायची मनाई आहे. दहावा आठवडा आहे. नाही, कुणालाच नाही सांगितलं. तुलाच पहिल्यांदा सांगतेय. हो. ठेवते.

सुशीलाबाई : काय म्हणाली?

चारुलता : म्हणाली, गटाला काय सांगायचं ते माझ्यावर सोड. जेवलीस का, विचारलं.

लक्ष्मणराव : आणि त्या दोन सुट्ट्या?

चारुलता : गेल्या. त्या सुट्टीत ती लातूरला आईकडे जाणार होती.

लक्ष्मणराव : हे माझ्या मनास लागून राहील. आणि यादीत आता आपले नाव?

चारुलता : तुमची सगळी पावलं काढून टाकायला सांगितली मी. आता सगळ्यांत खाली. शून्य.

सुशीलाबाई : असू दे. अजून तीन आठवडे शून्यच असू दे.