सासऱ्यांचा तवा आणि चिमूटभर पावडर

...आणि वर मलाच म्हणतात, "ऑर्व्हल, तू ना उगाच डोक्याला ताप करून घेतोस!" अहो, घेतोस काय? तुम्हाला सांगतो, झाडलेली काडतुसं तळघरात बसून पुन्हा भरायची म्हणजे गोळी बसवणं सोपं, मागची ठिणगीची टोपी बसवणं सोपं, ते मी झोपेतसुद्धा करीन... पण आत बारुदाची पावडर किती? तिथे गाडी अडते! जास्त झाली तर रिव्हॉल्व्हर हातात फुटतं, आणि पुस्तक काय म्हणतं? कमीत कमी एवढी, जास्तीत जास्त तेवढी, मधलं तुमचं तुम्ही बघा! हे काय उत्तर झालं?

म्हणून दुकानात विचारलं. दुकानदार थोरवाल्ड, आमच्या मिनेसोटात सगळेच कमी बोलतात, हा तर शब्द उधारीवर आणल्यासारखा बोलतो. "कमीपासून सुरुवात कर. हळूहळू वर चढ." अरे, पण किती वर? "हळूहळू." झालं, गेला आत! मग पाद्रीबुवांना विचारलं, तेही घरी काडतुसं भरतात. त्यांनी चर्चच्या दारातच माझा हात धरला, डोळे मिटले, "ऑर्व्हल, बाळा, कमीपासून सुरुवात कर, हळूहळू वर चढ..." मी आपलं आमेन म्हटलं आणि घरी आलो.

तुम्ही म्हणाल, एवढा जिवाचा आटापिटा कशाला? तव्यासाठी हो! माझ्या सासऱ्यांचा बिडाचा तवा. म्हातारा तळ्याकाठी त्यात मासे तळायचा, असा वास सुटायचा की शेजारी कुंपणाला येऊन उभे राहायचे! आता तवा एक आणि पोरं दोन. माझी बायको लव्हॉन आणि तिचा भाऊ गेलन. म्हातारा जाता जाता सांगून गेला, शूटिंग क्लबची शरदातली स्पर्धा जे घर जिंकेल, तवा वर्षभर त्या घरात. लव्हॉनचं मनगट कधीकाळी बर्फावर पडून मोडलं ते अधूच राहिलं, त्यामुळे तिच्या वतीने मी. आणि जिंकतो कोण? दरवर्षी गेलन! बरं, जिंकतोस तर जिंक, पण गेल्या नाताळात लव्हॉनने काय बघितलं? त्याने तवा भांडी धुवायच्या मशीनमध्ये घातलेला! बिडाचा तवा! गंज चढला हो त्याच्यावर! ती तडक गाडीत जाऊन बसली आणि घळाघळा रडली.  म्हटलं, रडू नकोस, यंदा तवा आणतोच.

म्हणून ऑगस्टात, अंगाला चटके बसत होते अशा उन्हात, मी कमीपासून सुरुवात केली. आणि काय सांगू! पावडर कमी म्हणजे झटका कमी, झटका कमी म्हणजे हात स्थिर, निशाण्याचे लोखंडी पत्रे धडाधड पडायला लागले! आता नियम असा, की गोळीला ठरलेला जोर हवा, नाहीतर तुमचे गुण शून्य. मी वेग मोजायच्या यंत्रावर बघितलं, बसतोय! अगदी काठावर, पण बसतोय ना? मग वर कशाला चढू? तुम्हीच सांगा, तळमजल्यावर काम होत असेल तर जिना चढतं का कुणी?

उजाडला स्पर्धेचा दिवस. ऑक्टोबर, गवतावर गोठलेलं दव, नाकातून पाणी... आणि मी असा नेम धरला, असा नेम धरला, की माझा मलाच विश्वास बसेना! गेलनचा चेहरा पडला. "काय दाजी, आज काय खाऊन आलास?" लव्हॉन लांबून हात हलवतेय, डोळ्यांत पाणी... आणि आली बर्निसबाई. ही आमची पंच, जन्मभर शाळा शिकवलेली. तिने माझ्या पट्ट्यातली काडतुसं काढून घेतली, यंत्रावर झाडली. "ऑर्व्हल, जरा कमी पडतंय हं." म्हटलं, पुन्हा बघा. "पुन्हा कमी पडतंय हं." शेवटचं एकदा बघा हो! "नियम तो नियम हं."

थंडी! थंडीत माझ्या पावडरचा जोर उतरला! अहो, मी मिनेसोटाचा माणूस, हिवाळ्यात गाडीच्या इंजिनाला वायर लावून ऊब देतो, नळांना गोधड्या गुंडाळतो, स्वतः दोन-दोन चड्ड्या घालतो... आणि पावडरलाही थंडी वाजेल हे माझ्या डोक्यात येऊ नये? गुण शून्य! तवा गेलनकडे! वर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "दाजी, कमीपासून सुरुवात केलीस ते बरोबरच. वर चढायचं तेवढं राहिलं!"

घरी आलो, लव्हॉन तडक स्वयंपाकघरात. मी म्हटलं, चला, निदान जेवण तरी आहे. ओव्हनमधून तिची ती बटाट्याच्या वड्या आणि खिम्याची परात निघाली, वरती चीज रटरटतंय, माझ्या तोंडाला पाणी... आणि तिने माझ्या ताटलीत वाढली एक वडी. एक!

"लव्हॉन," म्हटलं, "एवढंच?"

तिने परात स्वतःकडे ओढली. "कमीपासून सुरुवात कर, ऑर्व्हल. हळूहळू वर चढ."

काल दोन वाढल्या हो. चढतोय आपला... हळूहळू.