वरच्या आळीचा फेटा

— थांबा गुरुजी, आधी तो फेटा उतरवा. इथंच, हापशामागं, कुणी बघायच्या आत. आमच्या वडलांनी मान म्हणून बांधला हे मलाबी कळतंय, उदगीरहून मीच आणला तो — पण वरच्या आळीचा फेटा डोक्यावर घेऊन खालच्या आळीत शिरलात की तुम्ही आमचे झालात, मग तुमचं कोण ऐकतंय? हातात नका धरू, द्या इकडं, मी शर्टात घालतो. मुद्दाम बांधला का म्हणता? न्हाई हो, तसं न्हाई — म्हणजे — हाव, मुद्दामच. चुलते म्हणत होते, मास्तराला असंच पाठवा, खालच्या आळीचे शेषेराव दारातूनच परत लावतील आन् नाव त्यांचंच खराब होईल.

मला नीट बोलता येत न्हाई, तुम्हाला ठाऊक हाय, आठवीत तुमच्याच वर्गातून उठून गेलो — पण ऐका. गेल्या पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली बैलजोडी कुणाची, यावरून काठ्या चालल्या, दोन्हीकडची डोकी फुटली, तवापासून दोन आळ्यांत येणं-जाणं बंद. आन् माझी ताई, राजकन्या, त्याच शेषेरावांची सून. दिवस भरत आलेत तिचे. पहिलं बाळंतपण, माहेरीच आणायचं असतं — आमच्या माळवदावर उभं राहिलं की ती धुणं वाळत घालताना दिसते, एवढ्यावर हाय, आन् मला हाक मारता येत न्हाई. परवापासून तर दिसलीबी न्हाई.

निरोप? शेषेरावांनी बोलावलंय असं फोनवर म्हणलो होतो ना तुम्हाला — ते खोटं. घरी वडलांना तेच सांगितलं, आन् तिकडं शेषेरावांना दुकानदाराकडून कळवलं की आमच्या वडलांनीच तुम्हाला बोलावलंय. दोघं बसायला का तयार झाले, काय वाटतं तुम्हाला? समोरचा आधी नमला म्हणून. खरं कळलं तर बसल्या जागेवरून उठतील. असं नका बघू माझ्याकडं. खोटं बोला म्हणत न्हाई मी, फक्त विचारलं तर — विचारतील, पहिलं तेच विचारतील.

पोळ्याचं मिटवायला जाऊ नका. ते तुमच्याच्यानं मिटायचं न्हाई, आमच्या पुढच्या पोरांच्याच्यानंबी न्हाई. एवढंच मागा — ताईला धाडा, सव्वा महिन्यानं बाळासकट आणून घालतो. शेषेराव धाडतील, सुनेवर राग न्हाई त्यांचा. ताईच भिऊन राहिली. भावजींच्या फोनवरून चोरून बोलली, म्हणाली, "बालाजी, मी येईन रे. पण परत येताना सासऱ्यांनी दार उघडलं न्हाई तर लेकरू घेऊन कुणाच्या आळीत राहू?" मी म्हणलं, गुरुजी मधी हायेत, गुरुजींचा शब्द हाय.

देताय ना शब्द? — प्रयत्न न्हाई गुरुजी, शब्द. आन् उद्या त्यांनी दार लावलंच, तर काय कराल तुम्ही? संध्याकाळच्या गाडीनं उदगीरला जाल. इथं तुमची जमीन न्हाई, भावकी न्हाई, म्हणून तर दोघांना चालता तुम्ही — आन् म्हणूनच — बोला की. तिला काय सांगू मी?

बरं. प्रयत्न करतो म्हणालात, तेवढंच सांगतो तिला.

जा तुम्ही. शेषेराव ओट्यावर येऊन उभे हायेत.