चार पुढाऱ्यांच्या मधोमध

ऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट सांगतो. मोहगावच्या जावयाला, गणिताच्या प्राध्यापकाला, कोण कुठं किती तऱ्हांनी बसेल, अशा मांडणीच्या गणितासाठी दिल्लीत मोठा मान मिळाला, म्हणून आम्ही सौंसरात सत्कार ठेवला. मंचावर चार पुढारी, अन् चौघांचा एकमेकांशी अबोला. शेजारी बसवलं की उठून जाणार! मधे बसायला प्राध्यापक अन् मी, दोघंच.

प्राध्यापकांनी कागदावर मांडून पाहिलं. "शेठ, चौघांच्या मधे तिघं लागतात. हे जमूनच नाही राहिलं."

माझा संत्र्यांचाच धंदा; मी मधल्या तिसऱ्या खुर्चीवर संत्र्यांची उघडी पेटी ठेवली.

भाषणं सुरू झाली, अन् पेटीत दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचे हात जाऊ लागले.

"तुमचं गोड निघालं का हो?"

"लय गोड! हे घ्या."

प्राध्यापक माझ्या कानाशी आले. "शेठ, अजून दोन पेट्या असत्या, तर आपल्या दोघांची गरजच नव्हती."