रस्त्यावरचं धान

त्या दिवशी आम्ही दोघं रस्त्यावर धान फिरवून राह्यलो होतो. आता तुम्ही शहरातले, तुम्हाले सांगा लागन. चुरलेलं, म्हंजे मळनी झालेलं, धान डांबरी रस्त्याच्या कडेनं पसरवाचं, बाजूनं दगडं मांडाचे, अन घडीघडीनं अनवानी पायानं त्याच्यातून पाय घासत चालाचं, म्हंजे खालचं वर येते, वरचं खाली जाते, सारं धान सारखं वाळते. कौसा, म्हंजे आमची बुढी, पुढं चाले अन मी मांगं. तिच्या पायाच्या ओळी सरळ, अन माह्या अशा वाकड्या. मांगं पाह्यलं तिनं, म्हने, अवो, सकायी सकायीच घेतली का? म्हनलं, तुह्या मांगं चालून चालून असा झालो. हासली. बस, एवढंच. हे आमचं शेवटचं बोलनं नोहे, पन शेवटचं हासनं हेच.

मी इथलाच. शाळा दुसरीपर्यंत, मंग बैलं. कौसा धानोऱ्याकडची, जंगलातल्या गावची, मोहफूल येचत मोठी झालेली. लग्न होऊन आली तवा हा रस्ता मुरमाचा होता, बैलबंड्या जायच्या, अन आमच्या घरापुढं एवढं मोठं अंगन होतं का लग्नाची पंगत बसन. शेनानं सारवलेलं. धान तिथीच वाळे. मंग रस्ता रुंद झाला, अंगन गेलं, डांबर पायरीले येऊन टेकलं. धान कुठी घालाचं? घातलं रस्त्यावर. कोनी बोललं का, बाई, रस्त्यावर काऊन घातलं, तं कौसा म्हने, आमी रस्त्यावर नाई बसलो बापा, रस्ता आमच्या अंगनात येऊन बसला हाये. कोनाले घाबरे नाई. मले तं मुळीच नाई.

काय सांगू तुम्हाले, गाव वाढलं, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, अन गाड्याही वाढल्या. मोठमोठे ट्रक, घरातली भांडी वाजते. आमची वस्ती इकडं, शाळा तिकडं. पन धान घातलं का गाड्या हळू होते. दगडं दिसले का डायवर ब्रेक मारते, दगडानं टायर फाटते ना. मंग पोट्टे पलीकडं जाते. कौसानं हे माह्याआधी पाह्यलं होतं. मुद्दाम शाळेच्या समोरच घाले धान. मी म्हनो, अवो, तिथी सावली येते दुपारची, इकडं घाल. म्हने, येऊ द्या सावली.

त्या दिवशी संध्याकाळी धान भरलं आम्ही. कौसा दगडं उचलाले गेली. म्हनलं, राहू दे, उद्या घालाचंच हाये. म्हने, अंधारात फटफटीवाला पडन ना जी, कोनाची तरी माय वाट पाह्यत असन. एक एक दगड उचलून कडेले ठेवला तिनं. मी घरात कनगीत धान ओतून राह्यलो होतो. रस्ता मोकळा झाला होता, ट्रकवाल्याले मोकळा दिसला. मी आवाज आयकला. पुढचं मी सांगत नाई, अन तुम्हीही विचारू नोका.

तेरवी झाली अन मी रस्त्याच्या हापिसात गेलो. साहेब चांगला मानूस, खुर्ची दिली. म्हने, बाबा, हा राज्य महामार्ग हाये, कोनी म्हनलं म्हनून याच्यावर ब्रेकर टाकता येत नाई, तुम्ही नगरपंचायतीत विचारा. गेलो नगरपंचायतीत. तिथचे बाबू म्हने, बाबा, रस्ता आमचा नाई, आमचं नालीपर्यंत. म्हनलं, मंग आमची बुढी कोनाच्यात मेली गा? नालीत तं नाई मेली ना? एकानं चहा सांगितला. पेलो मी. पायी गेलो होतो, काय करू.

मले दुसरं काई पाह्यजे नोहतं. पैसा नाई, कोनाले फाशी नाई. शाळेपाशी एक ब्रेकर. बस.

मंग यंदा होळीच्या तोंडावर गोष्ट निघाली का नाल्यावरच्या रपट्यापासून जंगल नाक्यापर्यंतचा रस्ता नगरपंचायतीनं आपल्या ताब्यात घ्यावा का काय, म्हंजे ब्रेकर आपल्यालेच टाकता येईन. मीटिंग ठेवली. नगराध्यक्ष आमच्याच गल्लीची सून, शोभा, कौसाले मामी म्हने. घरी येऊन सांगून गेली, मामाजी, तुम्ही याच.

गेलो. हाल भरला होता. किराना दुकानवाला नामदेव मेंबर उठला, म्हने, रस्ता घ्याल तं खड्डेही आपलेच, लायटीही आपल्याच. इथी नालीचा गाळ काढाले मानूस भेटत नाई, अन चालले महामार्ग घ्याले! सारे हासले. मीही हासलो, खोटं नोहता बोलला तो. चहावाली शांताबाई मांगून म्हने, घ्या बापा घ्या, गाड्या हळू झाल्या तं माहा चहा खपन. मंग नगरपंचायतीचा इंजिनेर बोलला, का रस्ता गावाच्या ताब्यात आला का नियम गावाले पाळा लागन, त्याच्यावर धान-बिन वाळवता येनार नाई. आता झाली पंचाईत. आमच्या वस्तीत कोनाले अंगन उरलं हाये? सारी वस्ती माह्याकडं पाहे. शोभा म्हने, मामाजी, तुमचं काय म्हननं हाये?

उठलो. म्हनलं, माह्यं अंगन गेलं तवा कोनी विचारलं नाई, आता विचारून राह्यले तं सांगतो. धान मी छपरावर वाळवीन, खाटेवर वाळवीन, नाई तं ओलंच खाईन. रस्ता घ्या. शाळेपाशी ब्रेकर टाका.

नामदेव म्हने, अन बुढ्या, उद्या खड्डा पडला तं शिव्या कोनाले देशीन?

म्हनलं, तुलेच देईन गा. म्हनून तं रस्ता गावाचा पाह्यजे. आता देतो तं आयकाले कोनी नाई.

हाल असा हासला का बस. नामदेवही हासला, डोक्शावर हात मारला त्यानं, अन मंग हातही वर केला. ठराव झाला. म्हनलं, शोभे, ब्रेकर कवा? म्हने, मामाजी, ठराव वर जाईन, वरून मंजुरी येईन, मंग. म्हनलं, तवरोक? खाली पाह्यलं तिनं. म्हने, तवरोक रस्ता महामार्गवाल्याह्यचाच. पोरगी वाईट नाई. तिच्या हाती असतं तं तिनं त्याच सांजेले टाकला असता.

दुसऱ्या दिवशी सकायी उठलो. कनगीत त्या दिवशीचं धान तसंच होतं. भरडाले नेलं नोहतं, मन होये नाई. टोपली टोपली भरून बाहेर आनलं, शाळेच्या समोर पसरवलं, दगडं मांडले. शेजारचा म्हने, काय गा बुढ्या, काल तं मोठ्या गोष्टी केल्या, धान घालनार नाई म्हने! म्हनलं, रस्ता गावाचा झाला का नाई घालनार. अजून झाला कुठी?

चपला काढल्या अन फिरवाले लागलो. पुढं कोनी नाई तं ओळी अजूनच वाकड्या येते. शाळेची घंटी झाली, पोट्टे निंगाले. तिकडून ट्रक आला, दगडं पाह्यले, हळू झाला, थांबलाच. पोट्टे गेले पलीकडं. डायवरनं मुंडी बाहेर काढली, म्हने, बाबा, होळी आली, अजून धान वाळलं नाई का तुमचं?

म्हनलं, नाई बेटा, अजून नाई वाळलं. हळू जाय. सुखाचा जाय.